पीस उचलायला आजोबा उठले

आजोबा गेले तेव्हा गावाच्या साप्ताहिकात चार ओळी छापून आल्या. ऑर्व्हिल लोन एल्क, वय त्र्याहत्तर, सैन्यात ट्रक चालवला, शाळेची बस बत्तीस वर्षं चालवली, मागे पत्नी थेल्मा, दोन मुली आणि सात नातवंडं. झालं, आटपलं. मी संपादकाला फोन केला तर म्हणतो कसा, जागा तेवढीच होती बाई. शेजारच्याच पानावर कुणाच्या तरी परसातला भोपळा छापला होता, फोटोसकट. भोपळ्याला जागा होती. पुढं मी फोनवर काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण आजी अजून धडधाकट आहे आणि सगळं वाचते.

तर आता मीच सांगते. मी जोलीन, त्यांची थोरली नात. आणि सांगायला मला लाज वाटते, पण या गोष्टीत पहिली चूक माझीच आहे.

आमचं रिझर्व्हेशन, म्हणजे अमेरिकेत आमच्यासारख्या मूळ रहिवाशांना राखून दिलेला मुलूख, मिझुरी नदीच्या काठानं पसरलेलं. आमच्या जमातीची घरं एकमेकांपासून मैल मैल लांब, मधे नुसतं गवत आणि वारा. आजोबांची पिवळी बस सकाळी सहाला निघायची आणि शेवटचं पोर उचलेपर्यंत पावणेआठ वाजायचे. हिवाळ्यात शून्याखाली तीस. बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली पावाची एक रिकामी पिशवी असायची, त्यात हातमोजे. ज्याच्या हातात नसतील त्यानं मुकाट्यानं घ्यायचे, कुणी काही विचारायचं नाही. संध्याकाळी पोराला दारात सोडलं की आजोबा लगेच निघायचे नाहीत. दार उघडलं, पोर आत गेलं, दार लागलं, मग गियर. एखाद्या घराच्या धुराड्यातून धूर दिसला नाही तर स्वतः उतरून आत जायचे आणि शेगडी पेटवून देऊन यायचे. रेल्वेचं फाटक आलं की बस थांबवून, दार उघडून, कान देऊन ऐकायचं, मग रूळ ओलांडायचे, हा शाळेच्या बसचा नियम. आमच्या फाटकावरून आठवड्यातून दोन मालगाड्या जातात. आजोबा दिवसातून चार वेळा थांबून ऐकायचे.

बोलणं मात्र नाही. माणूस तोंडानं मुका असावा असा. आरशातून नुसतं बघायचे आणि मागच्या बाकावरची मारामारी थांबायची. घरीही तेच. आजी दोघांचं मिळून बोलायची. आणि युद्धाचं तर नावच नको. एकोणीसशे एकोणसत्तर साली ते व्हिएतनाममध्ये होते, एवढंच आम्हाला माहीत. वसंतात लोक वाळलेली कुरणं पेटवायचे, तेव्हा आजोबा गळ घेऊन नदीवर जायचे आणि एकही मासा न घेता परत यायचे. आजी त्या दिवशी त्यांना काही बोलायची नाही. आजीनं काही न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरातल्यांनाच कळेल.

आता आमच्याकडं सैन्यात गेलेला माणूस म्हणजे मानाचा माणूस. ऑगस्टातल्या नाचाच्या मेळ्यात रिंगणात सगळ्यांच्या आधी तेच येतात, निशाणं घेऊन. कुणी कुठली टेकडी जिंकली, कुणी जखमी दोस्ताला पाठीवर घेऊन किती मैल चालला, हे आमच्या पोरांना पाठ असतं. आजोबाही त्या रांगेत असायचे, पण शेवटून दुसरे. कारण त्यांच्या नावावर गोष्टच नव्हती. ट्रक चालवला, एवढंच.

यावर सगळ्यात जास्त तोंड टाकायचा तो क्लिफर्ड, आजीचा धाकटा भाऊ. मेळ्यात माईक त्याच्याच हातात असतो, आणि बहिणीच्या नवऱ्याची टिंगल करणं हा आमच्याकडं मेव्हण्याचा हक्कच आहे. तो हक्क क्लिफर्डनं तीस वर्षं एक दिवस वाया जाऊ दिला नाही. दरवर्षी तोच विनोद. आमच्या दाजींनी युद्धात काय चालवला? ट्रक. परत येऊन काय चालवली? बस. आणि घरात? घरात त्यांचं काहीच चालत नाही. यावर पाचशे माणसं दरवर्षी नव्यानं हसायची. आजोबाही कॉफीच्या पेल्यात बघून हसायचे. त्यांना तो विनोद आवडायचा, असं माझं मत आहे.

दोन हजार चार सालचा मेळा. मी सोळा वर्षांची. शनिवारी दुपारी माझा शालीचा नाच होता. केसात बांधायला माझ्याकडं गरुडाचं पीस होतं, बारा वर्षांची झाले तेव्हा आजोबांनीच दिलेलं. गरुडाचं पीस म्हणजे आमच्यात दागिना नव्हे, त्याचा मान वडीलधाऱ्या माणसासारखा राखायचा असतो. सकाळी आजीनं बजावलं होतं, कातड्याच्या पट्टीला नीट शिवून घे, चार टाके घाल. पण मला मैत्रिणींबरोबर लिंबाचं सरबत प्यायला जायचं होतं. मी केसांचं रबर घेतलं, दोन वेढे दिले आणि पळाले. केसांचं रबर! आमच्या बायकांना आजही हे सांगितलं तर त्या छातीला हात लावतील.

नाच सुरू व्हायच्या आधी क्लिफर्डचा विनोद झाला. लोक हसले, ठरल्याप्रमाणे. पण त्या वर्षी माझ्या समोरच, सावलीत खुर्ची टाकून, लिऑन बसला होता. लिऑनकडं तीन पदकं आणि एक टेकडी. ती टेकडी त्यानं आम्हाला इतक्या वेळा चढून दाखवली होती की आमचे पाय दुखायचे. तो मांडीवर थाप मारून शेजाऱ्याला म्हणाला, निदान बटाटे सोलले असते तरी बिचाऱ्याला सांगायला काहीतरी असतं.

मेव्हण्यानं चिडवणं वेगळं. लिऑन काही आमचा कुणी लागत नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि तशीच नाचायला गेले.

राग आला की मी चांगली नाचते. त्या दिवशी तर काय विचारता. ढोल चढत गेला तशी मी गिरक्या घेत गेले, शालीच्या झिरमिळ्या माझ्याभोवती उभ्याच राहिल्या होत्या. तिसऱ्या का चौथ्या गिरकीला डोकं हलकं लागलं. मी पाय टेकले आणि बघते तर पीस गवतावर पडलेलं.

रिंगण सांभाळणाऱ्यानं हात वर केला. ढोल थांबला. लोक उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या, कॅमेरे खाली गेले. पाचशे माणसं आणि आवाज फक्त फ्राय ब्रेडच्या, आमच्या तळलेल्या रोटीच्या, कढईतल्या तेलाचा. एक माणूस पिसाजवळ जाऊन पहाऱ्याला उभा राहिला. मला वाटलं आत्ता इथंच जमीन फाटावी. समोर आजी उभी होती आणि तिची नजर पिसावर नव्हती, गवतात पडलेल्या त्या गुलाबी रबरावर होती.

पडलेलं पीस वाटेल त्यानं उचलायचं नसतं. आमची रीत अशी की ते पडलेला लढवय्या समजायचं, आणि युद्ध पाहिलेल्या माणसानंच त्याला उठवायचं. ज्याचं पडलं त्यानं तंबाखूची पुडी घेऊन अशा एका माणसाकडं जायचं आणि विनंती करायची. त्यानं पीस उचलायचं, सगळ्यांसमोर आपल्या युद्धातली एक खरी गोष्ट सांगायची, मग पीस परत द्यायचं. गोष्ट खरीच लागते. पीस हातात धरून खोटं बोललेला माणूस आमच्याकडं अजून झालेला नाही. पुडी घेतली की नाही म्हणता येत नाही. घ्यायची नसेल तर हात मागं ठेवता येतो, पण मग तो मागं राहिलेला हात लोक जन्मभर विसरत नाहीत.

क्लिफर्डनं माझ्या हातात पुडी दिली. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. म्हणाला, जा पोरी, लिऑनकडं जा. सगळ्यांचीच ती अपेक्षा होती. लिऑन तर खुर्चीतून उठून शर्ट ठीक करत होता.

मी लिऑनकडं निघाले. अर्ध्या वाटेवर पोचले. आणि मग माझे पाय वळले ते आजोबांच्या पुढ्यातच थांबले.

खरं सांगते, मला त्या घटकेला आजोबांची काळजी नव्हती. मला लिऑनचं तोंड बंद करायचं होतं. मला वाटत होतं, पस्तीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाकडं काहीतरी जबरदस्त असणार, ते बाहेर काढलं पाहिजे. नसेलच काही तर काय, हा विचार पुडी पुढं केल्यावर आला. आजोबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते हलत नव्हते. त्यांनी पुडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. हिमवादळात बस अडकली तरी न घाबरणारा माणूस, आणि मी त्याला पाचशे लोकांसमोर घाबरवलं होतं.

मी हळूच म्हटलं, "राहू दे आजोबा. मी लिऑनकडं जाते."

त्यांनी आजीकडं पाहिलं. आजीनं मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत, काही नाही. मग आजोबांनी हात पुढं केला आणि पुडी घेतली.

ढोलवाल्यांनी हळू ठेका धरला. आजोबा पिसाभोवती नाचले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी चारही फेऱ्या पुऱ्या केल्या. मग वाकून पीस उचललं आणि छातीशी धरलं. क्लिफर्डनं माईक आणून दिला. माईक कर्कश वाजला. आजोबांनी तो तोंडापासून हातभर लांब धरला.

"मी ट्रक चालवत होतो," ते म्हणाले. "क्लिफर्ड सांगतो ते खरंच आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"डोंगरातला रस्ता होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. चौतीस ट्रक एकामागं एक. माझ्या पुढं रूफस बीमन होता. आर्कान्साचा. आम्ही एकाच तंबूत राहायचो. तो झोपेत गायचा. जागेपणीही गायचा, पण झोपेत जरा बरं गायचा." ते थांबले. "वरून गोळ्या सुरू झाल्या. पुढचे ट्रक निसटले. रूफसच्या ट्रकला लागलं आणि तो रस्त्यात आडवा झाला. मागच्या चाकांकडून पेटला. मी उतरून पळत गेलो, दार उघडलं. रूफस गेला होता. छातीत लागली होती. मी त्याला बाहेर ओढायला बघितलं, पण पाय खाली अडकले होते. निघेना. माझ्या मागं तीस ट्रक उभे होते, प्रत्येकात माणसं. रस्ता बंद. मी परत माझ्या ट्रकमध्ये आलो. पहिला गियर टाकला. माझा ट्रक त्याच्या ट्रकला टेकवला आणि ढकललं. जड होता. दोनदा अडला. तिसऱ्यांदा गेला. उतारावरून खाली गेला, आगीसकट. रूफस आतच होता."

कढईखालचा जाळसुद्धा कुणीतरी बंद केला असावा. मला काही ऐकू येत नव्हतं.

"मागचे तीसही ट्रक निघाले. कुणी मेलं नाही. मला पदक देत होते, मी घेतलं नाही. मी माझ्या मित्राला आगीत ढकललं होतं. त्याच्या आईला मी आजपर्यंत पत्र लिहिलं नाही. हे खरं आहे. एवढंच आहे."

त्यांनी माईक खाली केला. मला तोंड कुठं लपवू असं झालं. आणि मग मागच्या रांगेतून एका म्हातारीनं किलकारी दिली. जीभ हलवून उंच आवाजात देतात ती, परत आलेल्या लढवय्यासाठी. मग दुसरीनं, मग सगळ्याच बायकांनी. ढोलावर चार ठोके पडले, असे की पायाखालची जमीन हादरली. आजोबा माझ्यासमोर आले, पीस माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, आता नीट शिव."

मानाचं गाणं सुरू झालं. त्यात ज्याचा मान त्यानं पुढं चालायचं आणि ज्याला वाटेल त्यानं मागून यायचं. पहिला आला क्लिफर्ड. माईक खुर्चीवर टाकून आला, जो त्यानं लग्नात, मयतात कधी सोडला नव्हता. त्याच्या मागं लिऑन, टोपी हातात घेऊन. हे मी मान्य करते, रांगेत दुसरा नंबर लिऑनचाच होता. आणि मग माणसं येतच राहिली. पोलीस आला, शाळेची मुख्याध्यापिका आली, दवाखान्यातल्या नर्सा आल्या, बायका कडेवर पोरं घेऊन आल्या. पाच वर्षांचे असताना ज्यांना आजोबांनी दारात सोडलं आणि दार लागेपर्यंत थांबले, ते सगळे. रांग रिंगणाला पुरी वेढा घालून परत आजोबांपर्यंत पोचली, तरी लोक यायचे संपेनात.

अशी आमच्याकडं कुणाचीही मिरवणूक निघाली नव्हती. चार ओळीवाल्या त्या संपादकानं हे बघायला पाहिजे होतं.

घरी आल्यावर आजीनं मला स्वयंपाकघरात घेतलं. दार लावलं.

"चार टाके घालायला वेळ नाही," ती म्हणाली, "आणि माझ्या माणसाला पाचशे लोकांसमोर उघडा करायला वेळ आहे. वा."

"पण आजी, सगळ्यांनी किती मान दिला."

"लोकांनी दिला. त्याला तो घेता आला का, ते बघितलंस?"

आजीचं बरोबर होतं. लोक घरी येत होते, हात मिळवत होते, सुकं मांस आणि केक आणून देत होते, आणि आजोबा चोरी पकडल्यासारखे बसले होते. क्लिफर्डनं तर टिंगल करणंच सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी आजोबाच त्याला म्हणाले, अरे बोल काहीतरी, मी मेलोय असं वाटतं मला. त्यावर क्लिफर्ड रडला आणि मग म्हणाला, दाजी, तुम्ही मेलात तर बस मला चालवावी लागेल, पोरांचा विचार करा.

चौथ्या दिवशी आजोबा जेवताना म्हणाले, "पीस हातात घेऊन मी अर्धीच गोष्ट सांगितली. बाकीची अर्धी त्याच्या आईकडं आहे. ती काय म्हणते ते ऐकल्याशिवाय ती पुरी होत नाही."

मी म्हटलं, ती रागावली तर? दारातून हाकलून दिलं तर?

"तर ती गोष्ट तशी आहे," ते म्हणाले. "आणि तू बरोबर येणार आहेस. तूच उठवलंस मला."

जुन्या सैनिकांच्या कचेरीतल्या बाईनं पत्ता शोधून दिला. आई होती अजून, एकोणऐंशी वर्षांची, त्याच घरात. आजोबांनी पत्र लिहिलं, सात वेळा फाडलं आणि आठव्यांदा आजीनं हातातून ओढून घेऊन पोस्टात टाकलं. उत्तराला एकच ओळ आली आणि खाली रस्ता कसा ते: या, मी कुठं जात नाही. आजीनं तोपर्यंत ताऱ्याची गोधडी शिवायला घेतली होती. आमच्याकडं मानाच्या माणसाच्या खांद्यावर ती घालतात. निळी, पांढरी आणि मधे पिवळा तारा. बोटं सुजली तिची, पण तीन आठवड्यांत पुरी केली.

बाराशे मैल. आजोबांची जुनी ब्यूक गाडी, तिचं माझ्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं. आणि गाडी चालवणार शाळेच्या बसचा ड्रायव्हर. वाटेतल्या प्रत्येक रेल्वे फाटकाला गाडी थांबली, काच खाली झाली, कान देऊन ऐकणं झालं. नेब्रास्कात आमच्या मागं अकरा ट्रक तुंबले आणि एकेकानं शिव्या घातल्या. मी म्हटलं, आजोबा, गाडीत एकही शाळकरी पोर नाही. ते म्हणाले, "तू काय आहेस?" तीन दिवसांत एवढंच बोलणं झालं. जसजसं आर्कान्सा जवळ येत गेलं तसे त्यांचे हात चाकावर घट्ट होत गेले. मला वाटू लागलं, मी या माणसाचं काय करून ठेवलंय. उद्या त्या बाईनं तोंडावर दार लावलं तर हा बाराशे मैल परत कसा येईल?

घर छोटं होतं, पांढरं, दारात झोपाळा. बीमनबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, काळ्यासावळ्या, बारीक, चर्चला जाताना घालतात तशी टोपी घालून. आमच्यासाठी घातली होती. आजोबांनी इंजिन बंद केलं आणि बसूनच राहिले. मी दोरी सोडून उतरले, फिरून त्यांच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. ते लहान पोरासारखे उतरले.

बीमनबाईंनी आत यायला सांगितलं तरी आजोबा पायरीखालीच उभे राहिले, टोपी काढून. आणि त्यांनी सगळं सांगितलं. मेळ्यात सांगितलं तेच, तेवढंच, एक शब्द गाळला नाही. अडकलेले पाय सांगितले. पहिला गियर सांगितला. दोनदा अडला ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी त्याला ढकललं, आई. आगीत. तो माझा मित्र होता." आमच्याकडं म्हाताऱ्या बाईला आईच म्हणतात.

बीमनबाईंनी पाय जमिनीला टेकले. झोपाळा थांबला होता. मी गोधडीची पिशवी छातीशी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, काहीही बोला, पण बोला.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"खाली ओढा होता."

आजोबांनी मान वर केली.

"ट्रक ओढ्यात पडला. पाणी भरपूर होतं. विझला. सैन्याच्या पत्रात लिहिलं होतं मला, ट्रक घसरून पाण्यात गेल्यामुळं तुमच्या मुलाचं शरीर चांगलं राहिलं." त्या उठल्या, कठड्याला धरून एक पायरी उतरल्या. "त्या वर्षी आमच्या चर्चमधली चार मुलं शवपेटीतून परत आली. तिघांच्या पेट्या बंद. त्यांच्या आयांना उघडूच दिल्या नाहीत. आत काय आहे ते त्या आजपर्यंत मला विचारतात, जसं काही मला माहीत आहे. माझी पेटी उघडी होती. मी माझ्या मुलाचा चेहरा बघितला. केसांतून हात फिरवला. एक केस जळला नव्हता त्याचा."

आजोबांनी एक पाय पायरीवर ठेवला.

"पस्तीस वर्षं मी देवाचे आभार मानतेय की त्यानं तो ट्रक घसरवला," बीमनबाई म्हणाल्या. "आता कळलं, त्यातले अर्धे तुमचे होते. वर या."

आजोबा वर गेले. मी पिशवीतून गोधडी काढून दिली, आणि त्यांनी ती त्या बाईंच्या खांद्यांवर घातली. ती एका बाजूनं घसरली, तशी बीमनबाईंनीच दोन्ही टोकं धरून पुढं ओढून घेतली. मग माझे आजोबा झोपाळ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. आणि रडता रडता हसायला लागले, मोठमोठ्यानं, मांडीवर हात आपटून. मी सोळा वर्षांत त्यांचे दात इतके कधी बघितले नव्हते. बीमनबाईही हसत होत्या. गल्लीतून एक माणूस चालला होता, तो थांबून विचारायला लागला, सगळं ठीक आहे ना? बीमनबाई म्हणाल्या, ठीक नाही तर काय, पाहुणे आलेत, दिसत नाही का?

पुढं सतरा वर्षं आमच्या मेळ्यात पीस पडलं की लोक पुडी घेऊन आजोबांकडंच जायचे आणि ते उठायचे. पण मला ते आठवतात ते त्या दिवसाचे. बीमनबाईंनी मक्याचा पाव, पालेभाजी आणि तळलेला मासा असा बेत केला होता. आजोबांनी पहिला घास घेतला आणि रूफसविषयी बोलायला लागले. तो पत्त्यांत कसा लबाडी करायचा आणि पकडला गेला की कसा गाऊन दाखवायचा, तंबूत पाणी शिरलं तेव्हा दोघं एका खाटेवर कसे झोपले, त्यानं एका सार्जंटची नक्कल केली आणि सार्जंट मागंच उभा होता. ताटं निवली, मासा तसाच राहिला, आजोबांचं थांबेना. बीमनबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"जरा हळू सांगा," त्या म्हणाल्या. "मला सगळं ऐकायचंय."